बाईंचा डबा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भावजींइतका गोंधळलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तोही यांनाच पत्ता विचारत आलेला असायचा. शाहूपुरीतल्या आमच्या जिन्यात हे मध्येच थांबत आणि मला विचारत, "वैनी, मी वर चाललोय का खाली?" पिशवीत भाजी असली तर वर, रिकामी असली तर खाली, असं मी त्यांना लावून दिलं होतं. कागलच्या एमआयडीसीतला हा फिटर मुलीची वेणी घालायला बसला की तीन पेडांत चौथा कुठून यायचा, देव जाणे! बायको अकाली गेलेली, पोरगी चौथीत. दुसरं लग्न करा म्हटलं की म्हणायचे, "करायचं हाय की. पण कुणाशी, त्येच कळंना."

ते कळायची वेळ आली एका डब्यामुळं. पोरगी एकदा डबा विसरून शाळेत गेली, तर वर्गाच्या बाईंनी स्वतःचा डबा तिला दिला. बाई मूळच्या गडहिंग्लजच्या, लग्न न झालेल्या, इथं खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या. आता आलेलं भांडं रिकामं परत पाठवू नये, एवढी एकच गोष्ट भावजींना आयुष्यात पक्की ठाऊक. त्यांनी हौसेनं त्यात सुकं मटण भरून पाठवलं. आणि बाई लिंगायत! दुसऱ्या दिवशी तोच डबा लख्ख घासून, शेंगदाण्याची चटणी भरून परत आला. वर निरोप, "आमच्यात चालत नाही, पण पप्पांना सांग, वास झकास होता."

भावजी धावत खाली आले. "वैनी, डबा त्यांचा. मग माझ्याकडं परत कशाला धाडला?"

"एवढं न कळायला तुम्ही काय कुक्कुलं बाळ आहात?" मी म्हटलं. तरी कळलं नाहीच.

वर्षभर तो डबा फिरत राहिला. इकडून यांच्या चामड्यासारख्या चपात्या जायच्या, तिकडून लुसलुशीत धपाटी यायची. एकदा निरोप आला, "कणीक जरा सैल भिजवत चला." भावजींनी त्या दिवशी कामावर खाडा केला. "कणकेबद्दलच बोलल्या न्हवं, वैनी?" मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी माझ्या धाकानं ठरलं, की संक्रांतीला तिळगूळ द्यायला जायचं आणि सरळ विचारून टाकायचं. दाढी झाली, शर्टाला इस्त्री झाली. आणि आदल्याच दिवशी बाईंकडून डबा आला तो रिकामा.

"न्हाय म्हणल्या," एवढंच बोलले. अहो, जाऊन विचारा तरी, म्हणून मी घसा कोरडा केला. गेले नाहीत. डबा फळीवर चढला. उन्हाळ्यात बाईंनी संस्थेच्या गडहिंग्लजच्या शाळेत बदली मागून घेतली. मला त्या माणसाचा इतका राग आला होता, की पंधरवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

परवा त्याच पोरीच्या लग्नाची आवराआवर चालली होती. फळीवरचा डबा काढून ती हसत म्हणाली, "पप्पा, त्या संक्रांतीला ह्यातल्या तिळाच्या पोळ्या मी न् मैत्रिणींनी शाळेच्या रिक्षातच संपवलेल्या! बाईंच्या हाताला काय चव होती!" भावजी डब्याकडं नुसते बघत बसले. 

काल सकाळी ते जिन्यात दिसले. अंगात लग्नासाठी शिवलेला नवा सदरा, हातात डबा.

"भावजी, बाई अजून गडहिंग्लजलाच आहेत का? त्यांचं लग्न झालंय का? काही चौकशी?"

"काय बी म्हाईत न्हाय. पण भांडं त्यांचं हाय, वैनी. द्याय पायजे."

"काय भरलंय?"

"चपात्या." डब्याचं झाकण दाबत म्हणाले, "कणीक सैल भिजवलीया."

देवा, बाई भेटू देत त्यांना, असं मी मनात म्हणतेय तोवर ते स्टँडच्या वाटेनं निघालेही. वर का खाली, हे काल त्यांनी मला विचारलं नाही.