ताईने नुसता पाना धरला

आमच्या रस्त्याच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना सगळे घणमामा म्हणतात. पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्यांच्या घणाचा प्रसाद न खाल्लेला नट शोधून सापडायचा नाही. गाडी अडून बसली की मामा आधी तिच्याशी गोड बोलतात, मग घण दाखवतात. बहुतेक गाड्या दाखवल्यावरच ऐकतात.

परवा मात्र पेच पडला, कारण ट्रक त्यांच्या थोरल्या बहिणीचा होता. ताई रोपवाटिका चालवते. साठीला दोन वर्षं उरलेली असताना तिने हा जुना ट्रक घेतला आणि हट्टाने चालवायला शिकली. ट्रक वयाने तिच्या लेकीएवढा. महिन्यापूर्वी त्याचा स्टीअरिंगचा पंप गळायला लागला आणि चाक दगडासारखं जड झालं. वळण आलं की ताई दातओठ खाऊन ते ओढायची. त्यात परवाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एका शाळेला चारशे रोपं पोचवायची होती. एवढी मोठी मागणी तिला पहिल्यांदाच आली होती; वेळेत गेली नाहीत तर शाळा दुसरीकडून घेणार होती.

नवा पंप मिळाला, पण पट्टा फिरतो त्या पुलीशिवाय. जुन्या पंपाची पुली काढून नव्यावर चढवायची. तिला नटबिट काही नाही, दांड्यावर नुसती घट्ट दाबून बसवलेली. वाकली की संपलं, कारण या इंजिनाची पुली आता कुठेच मिळत नाही.

मामांचा हात आपसूक घणाकडे गेला.

"लावून बघ हात त्याला!" ताई म्हणाली.

"अगं, नुसतं टकटक..."

"तुझी टकटक मला ठाऊक आहे. लहानपणी माझी तीनचाकी दुरुस्त केलीस आणि दुचाकी करून परत दिलीस."

मामांनी हात मागे घेतला. मामा पलीकडच्या गॅरेजात पुली ओढून काढायचा पुलर मागायला गेले. "घणमामा आणि पुलर? तब्येत बरी आहे ना?" हे तिथल्या मिस्त्रीचं बोलणंही ऐकून घेतलं.

पुलरच्या पकडीने पुलीचा गळा धरला. मधला बोल्ट फिरवला की तो दांड्याला रेटणार आणि पुली बाहेर येणार. "पुलरला लावलेला हा मोठा पाना तू धर, बोल्ट मी फिरवतो," मामा म्हणाले.

अर्धा तास दोघं घामाघूम. पुली फिरत होती, अगदी छान फिरत होती, पण बाहेर केसभरही येईना. शेवटी मामांचं लक्ष ताईच्या हातांकडे गेलं.

"ताई, तू काय करतेयस?"

"मदत! तू ओढतोस तिकडेच मी ढकलतेय."

"अगं, धर म्हणालो होतो! तू ढकलतेस म्हणून सगळं मिळून गोल फिरतंय!"

"धरूनच ढकलतेय की!"

तिचाही दोष नाही. या दोघांच्या घरात एकाने कपाट सरकवायला घेतलं की दुसरा न सांगता दुसऱ्या टोकाला हजर असतो.

"म्हणजे मी काहीच नाही करायचं?"

"पाना हलू द्यायचा नाही. बस."

"हे फार अवघड आहे रे."

तरी ताईने पाय रोवले, डोळे गच्च मिटले. मामांनी बोल्ट पाव फेरा फिरवला. कर्रर्र!

"मोडली?"

"सरकली! नखभर सरकली!"

मग पाव पाव फेऱ्याने, मध्ये तेलाचे दोन थेंब सोडत, पुली अलगद मामांच्या तळहातात आली. त्यांनी ती सपाट फळीवर ठेवून चारी बाजूंनी निरखली. कुठेही डुगडुगली नाही.

चारच्या सुमाराला नवा पंप बसला, पुली चढली, पट्टा ताणला. ताईने इंजिन सुरू करून स्टीअरिंगला एक हात लावला, तशी पुढची चाकं जागच्या जागी वळली. तिने खिडकीतून भावाकडे पाहिलं आणि डोळे पुसावेत की हॉर्न वाजवावा हे न कळून दोन्ही केलं.

"रोपं आत्ताच चढवून ठेवते," ती म्हणाली आणि ट्रक घेऊन शेडच्या फाटकातून बाहेर पडली. मामा फडक्याने हात पुसत रस्त्याकडे बघत राहिले. कोपऱ्यावरचं अवघड वळण ट्रकने एका दमात घेतलं.