मैनेची वादी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चिमाबाई ताडपत्रीमागे भाकऱ्या बांधत होती, तेव्हा पलीकडं तिच्या नवऱ्याची, भिकाची, आणि घोडी विकणाऱ्या लखनची जुंपली.

"खोड असंल तर आत्ताच सांग," भिका म्हणाला.

"जनावर खरं आहे, तुझा हात खोटा. केवढं ओढून धरतो रे!"

"मला घोडा शिकवू नको."

"बरं बाबा. मग रडत माझ्या दारात येऊ नको."

ती घोडी, मैना, सिल्वासाला आली, वरातीला लागली. चिमाबाईच्या मनात मात्र ते शेवटचं वाक्य काट्यासारखं रुतलं. रडत येऊ नको, असं कोण म्हणतो? ज्याला ठाऊक असतं, रडायची पाळी येणार म्हणून. ती घोडीला दाणा घालायची, पाठ चोळायची, पण भरवसा म्हणून ठेवला नाही.

भिकाचं तर विचारूच नका. कारखान्यात वॉचमन होता तेव्हा कामगारांचे डबे हुंगायचा. घरी दुधात बोट बुडवून बघायचा. बायको गालात हसली तरी विचारायचा, "काय झालं हसायला?"

नऊ वर्षं घोडी बरी चालली. मग नवरदेवांना फोटोत ताठ मानेची घोडी हवी झाली. भिकानं चामड्याची वादी आणली. एक टोक लगामाला, दुसरं खोगिराला. मान वरच्या वर राहते. सवय व्हावी म्हणून खेरडीला गवत आणायला जातानाही तो ती बांधायचा. आणि त्याच सुमाराला मैना ठेचकाळू लागली. कालव्याच्या मोरीपाशी तर रोजच.

पहिला संशय नालबंद वाल्मिकवर. त्यानं चारही खूर उचलून दाखवले. "काका, नाल सरळ आहे. वाकडं दुसरंच काहीतरी आहे."

दुसरा संशय बग्गीवाल्या ललितवर. "परवा तिच्या पायांकडं टक लावून बघत होता." लगेच पायात काळा दोरा आला.

चिमाबाईचा संशय ठरलेला. "लखननं फसवलं. मी तेव्हाच ऐकलं होतं."

प्रत्येक ठेचेला भिका वादी एकेक भोक आवळत गेला. शेवटी म्हणाला, "सामरवरणीची वरात झाली की विकतो. नवरदेव खाली आला तर मला कोण बोलवंल?" ठेचकाळणारी घोडी कोण घेतं आणि कशाला घेतं, हे चिमाबाईला विचारावं लागलं नाही. त्या रात्री तिनं मैनेला मूठभर दाणा जास्त घातला. भरवसा नसला तरी माया होतेच की.

तेवढ्यात भिकाला ताप आला. गवताला चिमाबाई गेली. खोगीर-लगामाची तिला भीती, म्हणून नुसत्या दोरीनं मैनेला घेऊन निघाली. मोरीपाशी घोडीनं नाक दगडांपर्यंत खाली नेलं, बघून बघून पाय टाकला आणि पार झाली. येताना पाठीवर भारा होता, तरीही तसंच.

"सोंगाडी!" चिमाबाई म्हणाली. "माणूस बघून पडतेस होय?"

भिका बरा झाल्यावर ती मुद्दाम त्याच्यामागून चालत गेली. मोरी आली. मैनेनं मान खाली घालायला बघितलं, वादीनं हिसका दिला, पाय दगडाला लागला. आणि इतक्या वर्षांनी त्या भांडणातलं लखनचं पहिलं वाक्य तिला आठवलं. जनावर खरं आहे, तुझा हात खोटा.

"अहो, तिला खाली बघू तर द्या!"

"खाली बघते म्हणूनच पडते ती! सोनीची माय, तू भाकऱ्या बघ."

वरातीच्या दिवशी भिका फेटा बांधायला वळला, तशी चिमाबाईनं वादी दोन भोकं सैल केली आणि वर झेंडूची माळ ओढली. सामरवरणीचा रस्ता पाइपासाठी खणलेला. मैना मान हलवत, बघत बघत चालली. फोटोत मान जरा खाली आली म्हणून नवरदेवाची आई फणफणली, पण नवरदेव जागच्या जागी राहिला.

"काळा दोरा लागू पडला," भिका म्हणाला.

"पडायचाच," चिमाबाई म्हणाली.

विकायची गोष्ट परत निघाली नाही. पुढं रोजचं ठरून गेलं. भिकानं वादी आवळायची, तंबाखू आणायला आत जायचं, तिनं दोन भोकं सोडायची. तिला अधूनमधून वाटायचं, लोकांचे डबे हुंगणारा हा माणूस, याला एवढं दिसू नये? पण विचारावं तर आपलीच चोरी उघडी पडायची.

दोन वर्षांनी ती लेकीकडं, सोनीकडं, खानवेलला चार दिवस गेली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, तशी मिळेल त्या बसनं परतली. भिका सकाळी नेहमीसारखा खेरडीला जाऊन आला होता. घोडीला पाणी दाखवलं, गवत सोडलं, खोगीर खुंटीला अडकवलं, आणि खाटेवर टेकला तो टेकलाच.

बाया रडत होत्या. चिमाबाई आधी खुंटीपाशी गेली. वादी लावलेली तशीच होती, दोन भोकं सैल. तीन दिवस घरात भिकाशिवाय दुसरं कुणीच नव्हतं.