घाटी आली, उतरा

भाई गेले त्या सकाळी मी बायकोचा चष्मा घालून हॉस्पिटलात गेलो. फोन आला तेव्हा माझा चष्मा कुठे होता देव जाणे; फ्रिजवर जो हाताला लागला तो नाकावर चढवला आणि स्कूटर काढली. जांभळ्या दांड्यांचा, कडेला दोन चमकते खडे असलेला. दारात सासरवाडीची चार-पाच माणसं उभी होती. एरवी माझ्या शर्टाचं बटण खालीवर लागलं तरी आठवडाभर पुरवून हसणारी ही मंडळी. त्या दिवशी माझ्याकडे बघून कुणीच हसलं नाही... तेव्हाच मला कळलं.

भाई म्हणजे माझ्या बायकोचे, मंदाचे, थोरले भाऊ. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यात हार घालूनच मला म्हणाले, "भावोजी, जन्मभर दुसऱ्यानं हाकलेल्या गाडीत उभा राहून फिरलो. आता बसून फिरणार, आणि हाकणारही मीच." आम्हाला वाटलं, गाडी घेतायत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पालीच्या घराच्या माळ्यावरून जुनी काळी सायकल खाली काढली, तेलपाणी केलं आणि निघाले. कुठे, तर जिथे एसटी कधी गेली नाही तिथे. हमरस्ता वर्ज्य. सड्यावरच्या कातळातून, दगडी गडग्यांच्या मधून, वहाळावरच्या लाकडी साकवावरून जाणाऱ्या वाटा त्यांनी एकेक करून शोधल्या आणि एका लांबट वहीत पेन्सिलीनं काढून ठेवल्या. कुठल्या वाडीत चहा मिळेल, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या फणसाखाली पाठ टेकता येईल, सगळं त्या वहीत. किती वेळात पोचाल हे मात्र एकाही पानावर नाही. विचारलंच तर म्हणायचे, "पोचायचं असेल तर एसटीनं जा."

आमचा मुलूख म्हणजे चढ नाहीतर उतार. सपाटी फक्त जेवणाच्या ताटात. त्यामुळे भाईंनी एक नियम केला होता. जिथे घाटी अवघड, चढाची असो की उताराची, तिथे वहीत लाल पेन्सिलीनं लिहायचं : उतरा. आणि नुसतं लिहायचं नाही, खरंच उतरायचं. सायकल हातात धरून चालायचं. त्यात कंडक्टरकी जाईना. थांबताना सायकलची घंटी एकदा, निघताना दोनदा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी खणखणीत ओरडायचे, "घाटी आली, उतरा!" पुण्याहून घट्ट, रंगीत कपडे घातलेली मंडळी यायची, त्यांना भाई हौसेनं वाटा दाखवायचे. त्यातला एखादा म्हणायचा, "काका, आम्ही चढवतो की!" भाई शांतपणे म्हणायचे, "चढवाल हो. पण मग बघाल काय? स्वतःचं पुढचं चाकच ना?"

मी हा नियम एकदाच मोडला. भाईंनी मला राजापूरहून नाटे बंदराला नेलं होतं, दोघांच्या सायकली राजापुरापर्यंत टेम्पोत टाकून. माझ्याकडे भाच्याची, म्हणजे भाईंच्या मुलाची, गिअरची सायकल, म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. एका उतारावर मागून आवाज आला, "घाटी आली, उतरा!" माझ्या मनात आलं, पन्नाशीचा असलो तरी अजून म्हातारा नाही. मी उतरलो नाही; काजूच्या झुडपानं मला उतरवलं. भाई सायकल हातात धरून सावकाश चालत आले, घंटी एकदा वाजवली, माझ्याकडे वरून बघितलं आणि विचारलं, "काय भावोजी, तिकीट काजूपर्यंतचंच काढलं होतंत?" मग माझ्या कोपरातले काटे काढता काढता म्हणाले, "घाटीपुढे मान खाली घालायला लाजू नये हो. ती आपल्या आधीपासून इथे आहे." नाट्याला पोचल्यावर बांगडे घेतले, ते माझ्याच हँडलला बांधले. परतीच्या वाटेवर दोन मांजरांनी केलेला माझा पाठलाग ते पुढे प्रत्येक लग्नात सांगत.

हा असा माणूस. आता रागाचं लिहितो, कारण ते न लिहिता नुसता गोड श्रद्धांजलीचा लेख छापायला पाठवला तर मला माझीच लाज वाटेल.

पालीच्या अलीकडे आत वळणाऱ्या त्यांच्या आवडत्या वाटेवर पाइपांसाठी चर खणला होता. खणला आणि ठेवला. ना दोरी, ना फळी, ना साधे चार जांभे दगड कडेला. भाई सायकलसकट त्यात गेले, खालच्या पाइपावर डोकं आपटलं. दुसऱ्या दिवशी त्या चराला लाल-पांढरी पट्टी लागली. एका माणसाचा जीव गेल्यावर सापडली ती! कुठल्या गोदामात, कुणाच्या कपाटात होती इतके दिवस? आणि घरी भेटायला येणारी माणसं! चहाचा कप हातात घेऊन वहिनींच्या देखत म्हणतात, "या वयात सायकल कशाला हवी होती?" चर कशाला हवा होता, उघडा कशाला हवा होता, हे कुणी विचारत नाही. सगळा दोष सायकलीचा. ठेकेदाराचा माणूस तर फळांची करंडी घेऊन आला, हळहळला आणि जाता जाता म्हणाला, "वेगात होते म्हणतात." वेगात! ज्या माणसाला गावातली म्हैस मागे टाकून जायची, तो वेगात! मी उठलो, काहीतरी जळजळीत बोलणार होतो... आणि करंडी उचलून आत ठेवली. असा मी शूर.

पण खरा राग यायचा होता तो पुढेच, आणि तो माझ्यावर. दिवसकार्य झाल्यावर भाच्यानं पोलीस चौकीतून कागदाच्या नकला आणल्या. एक नक्कल मला वाचायला दिली. 'मयत हे सायकल वेगाने चालवीत असताना तोल जाऊन पडले. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.' मी कडाडलो, "कुठल्या गाढवानं दिलाय हा जबाब?" भाच्यानं नुसतं खाली बोट दाखवलं. सही माझी होती.

त्या सकाळी हॉस्पिटलात, भाचा मुंबईहून यायचा होता, शवविच्छेदन अडलं होतं, कुणीतरी कागद पुढे केला, "नातेवाईक ना? इथे सही." जांभळ्या चष्म्यातून अक्षरं मुंग्यांसारखी दिसत होती, मंदाचा चष्मा लांबचं बघायचा. मी सही केली. मी! सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आयुष्य काढलेला, आपल्या डोक्यामागच्या भिंतीवर 'वाचून सही करा' असा कागद स्वतःच्या हातानं चिकटवलेला कारकून.

तीन दिवस मंदाला सांगायचं धाडस झालं नाही. हा लेख लिहायला म्हणून भाईंची वही उघडली, आणि त्या वाटेचं पान निघालं. पिंपळाचा पार, मग वळण, मग जिथे आता चर आहे नेमक्या त्याच जागी लाल पेन्सिल, खाली दोन रेघा : उतरा. भाई तिथे सायकलवर नव्हतेच! असणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथे गेलो. चरासमोरच्या घरात एक म्हातारी कुळीथ पाखडत होती. तिला विचारलं.

"चालवीत नव्हतं ओ ते," ती म्हणाली. "उतरलेलं व्हतं. सायकल हातात. माज्या डोल्यांनी बगलंय. कडंची माती सुटली नि गेलं आत."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?"

सूप थांबलं. "मना कोनी इचारलान?"

विचारायचं काम ज्याचं होतं तो मी, दुसऱ्याचा चष्मा लावून सही करत होतो.

तिथून थेट चौकीत गेलो. म्हटलं, पुरवणी जबाब द्यायचाय. टेबलावरच्या हवालदारांनी कागद काढला, माझ्याकडे बघितलं. "काका, सही तर तुमचीच आहे."

"माझीच आहे. पण चष्मा बायकोचा होता."

शेजारच्या टेबलावरचे दोघं फसकन हसले. हवालदारही हसले. हसू देत, म्हटलं. मी वही उघडून लाल अक्षरं त्यांच्या पुढ्यात ठेवली, म्हातारीचं सांगणं सांगितलं, कुणाच्या तरी हातून चर उघडा राहिलाय आणि माझी त्याबद्दल तक्रार आहे, हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला. हवालदारांनी पान नीट वाचलं, आता हसत नव्हते. म्हणाले, "उद्या सकाळी साहेब आहेत, तेव्हा या. लिहून घेऊ. त्या आजींनाही विचारू."

घरी आलो. भाईंची सायकल वहिनींनी आमच्याकडे पाठवली आहे. पुढचं चाक वाकलंय, घंटी शाबूत. मंदा ओटीवर बसून त्या घंटीला लिंबू-राख लावत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं... चष्मा, सही, वेग, तक्रार नाही, चरासमोरच्या आजी, उद्याचं बोलावणं. तिनं घंटी फडक्यानं पुसली, मान वाकडी करून बघितली, पुन्हा पुसली. मला वाटलं, आता ही रडेल. नाहीतर भांडेल, आणि तिनं भांडावं असंच मला वाटत होतं. तिनं घंटी दोनदा वाजवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"उद्या तुमचा चष्मा तुम्ही घ्या, माझा मी घेते. जाताना त्या आजींना रिक्षात घेऊ. कागद मी मोठ्यानं वाचीन, त्या ऐकतील... आणि मग तुम्ही सही करा."