शून्यावर ठेवलेलं बटन

माझ्या काकाला मी आजही माफ केलेलं नाही. तो गेला, त्याच्या तेराव्याला मी पंगतीत बसून जेवलो, पण माफ केलेलं नाही.

काकाची मंठ्यात बँजो पार्टी होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि लग्नसराईत त्याच्या हातगाडीला दम घ्यायला फुरसत नसायची. गाडीवर जनरेटर, कर्णे आणि जालन्याच्या एका रेडिओ मेकॅनिकनं बांधून दिलेला गिटारचा अँप्लिफायर, आमच्या भाषेत अँप. बँजोच्या जोडीला मी गिटार वाजवायचो. अँपचा आवाज मुळातच इतका फाटका, की दोन सूर पाठोपाठ वाजवले की त्यांचं पिठलं व्हायचं. काकानं बजावलं होतं, "या सराईत गिटार बराबर ऐकू आली न्हाई तर मंग तू घरी बस. मी कीबोर्डवाला आणतो." घरी बसणं म्हणजे मोसंबीच्या बागेला पाणी धरणं. तिथं एकदा गेलो असतो तर परत कुणी गिटार हातात दिली नसती.

म्हणून मी औरंगाबादेहून एक जुनं ओव्हरड्राइव्ह पेडल आणलं, गिटार आणि अँपच्या मधे जोडायची, आवाज फाडून जाड करणारी, पायानं दाबायची डबी. वरातीत चालता चालता पायानं कसं दाबणार? गाडीच्या फळीवर सायकलच्या ट्यूबनं आवळून टाकलं. महिनाभर डोकं खपवल्यावर उमगलं, की पेडलचं ड्राइव्हचं, म्हणजे आवाज फाडायचं, बटन शून्यावर ठेवायचं आणि लेव्हलचं, म्हणजे पुढं जाणाऱ्या आवाजाच्या जोराचं, पूर्ण. आवाज फाडायचं काम अँप करतोच. पेडलनं फक्त खालची घरघर कापायची आणि अँपला मागून रेटा द्यायचा. मग एकेक सूर सुटा, टणक निघायचा. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

काकाला मात्र शून्य म्हणजे कामचुकारपणा वाटायचा. त्याच्या गाडीवर एकही बटन अर्ध्यावर नसे.

"इकत आणलं अन् उपाशी कामून ठिवलं त्याला?"

त्या सराईत बाजारपेठेत समोरून दुसरी वरात आली. आमच्याकडं अशा वेळी दोन्ही पार्ट्या तोंडासमोर तोंड करून उभ्या राहतात. नाचणारे जिच्याकडं वळतील ती जिंकली. मी वाजवायला लागलो आणि समोरची पोरं खरंच आमच्याकडं सरकू लागली. काकाला वाटलं, थोडा जोर लावला की फत्ते. त्यानं हात घालून ड्राइव्ह शेवटपर्यंत पिळलं. अँप किंचाळला.

"काका, कमी करा ते!"

"तू वाजव. मला शिकवू नको!"

मी बटनाकडं हात नेला, तर त्यानं सगळ्या वऱ्हाडासमोर माझ्या हातावर फटका मारला. सूर गेले, नुसती शिट्टी उरली. नवरदेवाचा घोडा बिथरला. समोरचे टाळ्या पिटून हसायला लागले. काका माइकवर बोलला, "पोराला वाजवता येत न्हाई. माफी असावी."

आठवड्यात कीबोर्डवाला आला. मी मोसंबीत गेलो, तो गेलोच. काकानं माझं वाटोळं केलं, हे मी भेटेल त्याला सांगत आलोय, आणि ते खोटं नाही. फक्त एक गोष्ट गाळतो. गिटारवरचं आवाजाचं बटन नुसतं मागं फिरवलं असतं तरी ती शिट्टी थांबली असती. माझी करंगळी त्याच बटनावर होती. काकाची भर बाजारात फजिती व्हावी, म्हणून मी ती हलवली नाही.