उलटे मामा

उलटे मामा कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडायचे. दिवाळी अंक असो की पंचांग, त्यांची बोटं आपोआप मागच्या पुठ्ठ्याकडे जायची. मग स्वतःशीच हसून पुस्तक फिरवायचे. निजामाच्या काळात त्यांच्या चार यत्ता उर्दूत झाल्या होत्या. "हाताला पहिली सवय लागली ती जात न्हाई माय," ते म्हणायचे. परभणीत स्टेशन रोडला, एका कापडदुकानाच्या जिन्याखाली ते पुस्तकं भाड्यानं द्यायचे. दोन लाकडी कपाटं आणि एक बाक, एवढंच दुकान. सगळे त्यांना उलटे मामा म्हणायचे, मीही म्हणायची. त्यांचं खरं नाव विचारावं असं मला कधी वाटलं नाही.

मी नववीत होते. रविवारी सकाळी टीव्हीवर एक कार्टून लागायचं आणि ते सुरू झालं की मी जागची हलत नसे. घरात सगळे हसायचे, एवढी घोडी झाली तरी कार्टून बघते म्हणून. मामांना मी लाजत लाजतच विचारलं की त्या कार्टूनचं पुस्तक मिळेल का. ते हसले नाहीत. म्हणाले, "शेवटाला नावं येतेत ती वाचलीस का? समदी जपानी मानसं हायेत. ते जपान्यांनी काढलेलं हाय." आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढं धरलं.

त्यांचा भाचा कृषी विद्यापीठाच्या अतिथीगृहात शिपाई होता. तिथं कुणी जपानी पाहुणे राहून गेले, जाताना ते पुस्तक खोलीत टाकून गेले आणि भाच्यानं ते मामांना आणून दिलं. आतून काळंपांढरं, पानोपानी चौकटी, आणि अक्षरं अशी की कुठून सुरू होतात तेही कळू नये. अशा पुस्तकांना मंगा म्हणतात हे मला फार वर्षांनी कळलं. मी ते आपल्या पुस्तकासारखं उघडलं तर पहिल्याच पानावर सगळे रडत एकमेकांचा निरोप घेत होते. मामांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, उलटं फिरवलं, आणि उजवीकडच्या वरच्या चौकटीवर बोट ठेवलं. "उर्दूवानी. इकडून तिकडं, मग खाली. घाई करायची न्हाई."

"पण मामा, अक्षर एक येत नाही."

"अक्षर न्हाई आलं तर न्हाई. तोंडं तर वाचता येतेत की."

तशी मी मंगा वाचायला शिकले. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या, आखूड केसांच्या, पळण्याच्या शर्यतीत उतरणाऱ्या मुलीची ती गोष्ट होती. निदान आम्ही तशी लावली होती. ती एका पानावर आजोबांपुढं मान खाली घालून बसते. मी म्हणायची ती हरली म्हणून, मामा म्हणायचे, "हरलेलं मानूस असं बसत न्हाई. तिनं कायतरी लपवलंय." शाळा सुटल्यावर अर्धा तास मी त्या बाकावर बसायची. बाकी पुस्तकं घरी नेता यायची, हे मात्र तिथंच वाचायचं असा त्यांचा नियम होता. "एकच हाय. गेलं तर कुठून आनू?"

सहा डिसेंबरला ते दरवर्षी दादरला जायचे. त्या वर्षी परत आले तेव्हा पिशवीतून त्यांनी दुसरं जपानी पुस्तक काढलं, पुठ्ठा नसलेलं. फुटपाथवर तीन तास हुडकलं म्हणाले. विकणाऱ्याला वाटत होतं पुस्तक उलटं छापलं गेलंय, म्हणून रद्दीच्या भावात दिलं. हे सांगताना मामा लहान पोरासारखे खूश होते. माझ्यासाठी कुणी तीन तास काही शोधलं आहे, असं त्याआधी घडलं नव्हतं.

पुस्तकांच्या बाबतीत ते इतके जपून का असतात, हे एकदाच त्यांच्या तोंडून आलं. अठ्ठ्याहत्तर साली, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या ठरावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा पाथरीकडच्या गावात त्यांचं घर जाळलं. घरात पुस्तकांची एक पेटी होती. "घर काय, पुन्हा उभं करता येतं," ते पुस्तकाला कव्हर घालता घालता म्हणाले. "पर पेटीत कोनती कोनती पुस्तकं होती, तेच आठवंना गेलंय." आमची शेती मानवतकडे, वडील बँकेत अधिकारी. त्या साली आमच्या गावात काय झालं होतं, याबद्दल घरात कुणी बोलत नसे आणि मी विचारत नसे.

पहिल्या पुस्तकातलं एक पान मामांनी खाकी कागद चिकटवून झाकलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ते तुमच्या कामाचं न्हाई. त्यानं गोष्टीचं काय अडत न्हाई." झालं, माझं सगळं लक्ष त्या पानावर खिळलं. संक्रांतीच्या आठवड्यात विद्यापीठाच्या नावाचा निर्णय होणार अशी बातमी होती. बाजार बंद राहील म्हणून मामा घाईनं कपाटं आवरत होते. त्यांनी पाठ फिरवली तेव्हा मी पुस्तक दप्तरात टाकलं.

घरी ओल्या फडक्यानं मी तो कागद सोडवला. खाली काय होतं, तर शर्यत संपल्यावर गरम पाण्याच्या कुंडात बसलेल्या चारपाच मुली. पाणी गळ्यापर्यंत, वर वाफ. एकीचे उघडे खांदे तेवढे दिसत होते. बस्स. कागद काढताना पान फाटलं, कडेला खाकी पट्ट्या तशाच राहिल्या.

दोन दिवसांनी ते वडिलांच्या हाती लागलं. त्यांनी नेमकं तेच पान माझ्यापुढं धरलं. "हे कुणी दिलं?"

मला मार पडला नव्हता, पडणारही नव्हता. वडील मला कधी मारत नसत. तरीही मी म्हणाले, "उलट्या मामांनी दिलं. घरी जाऊन बघ म्हणाले."

शेवटचं वाक्य मी का जोडलं, हे मला आजही सांगता येत नाही.

बाजार उघडला त्या दिवशी वडील मला घेऊन तिथं गेले. कापडदुकानाचे मालक वडिलांच्या ओळखीचे, तेही खाली उतरून आले. वडिलांनी पुस्तक बाकावर आपटलं. "हे माझ्या मुलीला तुम्ही दिलं?"

मामांनी पान पाहिलं, खाकी पट्ट्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते.

"होय साहेब," ते म्हणाले. "मीच दिलं. चुकी झाली."

"चुकी? वर कागद चिकटवला होता. म्हणजे आत काय आहे ते माहीत होतं तुम्हाला. तुम्हा लोकांना नाव मिळालं, आता आमच्या घरात शिरायलात का?"

मामांनी पुस्तक उचलून छातीशी धरलं. मालकाच्या माणसानं ते हिसकावलं, त्यात त्यांचा चष्मा खाली पडला. तो माझ्या पायाशीच पडला होता. मी वाकून उचलला नाही. त्यांनी खाली बसून चाचपडत शोधला. मालक म्हणाले, परवापर्यंत जागा रिकामी करा. मामा "बरं" म्हणाले.

आठवड्यानं मी त्या रस्त्यानं गेले तेव्हा जिन्याखाली सायकली लावलेल्या होत्या.

मे महिन्यात कळलं की ते पिंगळीला मुलीकडे असतात. मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी पॅसेंजरनं पिंगळीला उतरले. स्टेशनवर कुणाला विचारावं तर नाव माहीत नाही. "पुस्तकवाले, चष्मा लावतात, परभणीहून आलेत," असं सांगत फिरले. शेवटी एका बाईनं बुद्धविहाराशेजारचं घर दाखवलं. ती त्यांची मुलगीच होती. मामा ओट्यावर बसून दातणासाठी कडुलिंबाच्या काड्या सोलत होते. मला पाहून त्यांनी काड्या बाजूला ठेवल्या आणि मुलीला चहा टाकायला सांगितलं.

मी उभ्यानंच म्हणाले, "मामा, पुस्तक मी चोरलं होतं. तुम्ही दिलं नव्हतं."

"मला ठाव हाय की."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"न्हाई म्हन्लो असतो तर तुझ्या वडलांनी कुनाचं खरं धरलं असतं?" ते शांतपणे म्हणाले. "माझं तर धरलं नसतं. आनि जरा वेळ धरलंच असतं, तर घरी जाऊन तुझं काय झालं असतं? दोन्हीकडून माझंच जायचं होतं."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. चहा आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "वडलाला सांगितलंस का, तू घेतलं म्हनून?"

"नाही."

"मग मला सांगून काय व्हायलंय माय? मला तर पयल्यापासून ठाव हाय."

ते रागानं म्हणाले नाहीत. मी चहा प्याले, पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. आज सांगेन, उद्या सांगेन, असं ठरवत मी गाडीत बसले. परभणी येईपर्यंत वाक्यसुद्धा जुळवून झालं होतं.

मी सांगितलं नाही. मामा चारेक वर्षांनी गेले, तेही मला फार उशिरा कळलं. आमच्या घरात मात्र ती गोष्ट राहिली. पाहुणे जमले, पोरींना जपण्याचा विषय निघाला की वडील ती सांगायचे. माझ्या लग्नानंतर त्यांनी ती माझ्या नवऱ्यालाही सांगितली. दर वेळी मी तिथंच असायची, कुणाला सुपारी देत, कुणाच्या कपात चहा ओतत.

वडील जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात माझी मुलगी आजोळी आली होती. ती अशी पुस्तकं विकत मागवते, खोलीत रांग लावून ठेवते. तिच्या हातातलं पुस्तक पाहून वडिलांनी तिला ती गोष्ट सांगितली, तशीच्या तशी, "घरी जाऊन बघ म्हणाला" या वाक्यासकट.

मुलगी स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आई, त्या माणसाला तू ओळखायचीस?"

वडील दाराबाहेर खुर्चीतच होते. त्यांना ऐकू जात होतं. मी पोळी उलटली आणि म्हणाले, "फारसं नाही."