विमलच्या बाहुलीची भुलाबाई

आधीच सांगून टाकते – भूत, करणी, बाहेरची बाधा यांतल्या कशावरही माझा विश्वास नाही. नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय मी. दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्या शेजारणीशी माझं दोन वर्षं बोलणं बंद होतं. तुमचे इथले भुताटकीचे अनुभव मी दुपारी झोप येत नाही म्हणून वाचते आणि निम्म्या लोकांना मनातल्या मनात "गप रे थापाड्या" म्हणते. तेव्हा आज मला कोणी तसं म्हटलं तर रागावणार नाही. म्हणजे... जरा रागावेन, पण उत्तर देणार नाही.

निमित्त झालं माझ्या नातीचं. "आजी, चल ना, एकच पिक्चर!" करत रविवारी दुपारी मला थिएटरात घेऊन गेली. भुताच्या बाहुलीचा सिनेमा. इतका चाललाय म्हणे की तिकिटं मिळेनात, शेवटी अगदी पुढच्या रांगेत माना वर करून बसलो. आधीचे भागही असेच तुफान चालले होते, आणि बाहेर त्याच बाहुलीच्या किल्लीच्या साखळ्या विकायला ठेवलेल्या! बाहुलीनं मान वळवली की पोरी किंचाळायच्या आणि मग खिदळायच्या. पडद्यावरचं कुटुंब त्या बाहुलीला घराबाहेर काढायला जिवाचं रान करत होतं. जाळून झालं, पुरून झालं, पाद्री बोलावून झाला... ती आपली परत परत येते.

आणि मी रडायला लागले. नात म्हणाली, "आजी, घाबरलीस?" काय सांगणार तिला? माझ्या मनात एकच येत होतं – नशीबवान आहेत मेले, यांची परत तरी येते.

कारण अशी एक बाहुली आमच्याही घरात होती. ती कधी जाऊ नये म्हणून आमच्या घरातलं एक माणूस तडफडत होतं.

भिलाईची गोष्ट आहे, सेक्टर सहामधली. एकसष्ट-बासष्ट साल असेल, मी नऊ वर्षांची. प्लांट उभा होत होता, अर्धा चालू, अर्धा बांधायचा. नवे क्वार्टर, सगळे एकसारखे, कुठे सावलीला झाड नाही, नुसता लाल फुफाटा. पोरं दुसऱ्याच्याच घरात शिरायची. बाबा प्लांटमध्ये फिटर होते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, शेतीवाले. आमच्या लाइनीत पंजाबी, बंगाली, मल्याळी, तेलुगू सगळे, आणि मराठी घरं मोजून पाच.

आम्ही भिलाईला आलो ते विमल गेल्यावर. विमल माझी थोरली बहीण, बारा वर्षांची. आदल्या वर्षी गावी मुदतीच्या तापानं गेली. बाबांना वाटलं, जागा बदलली तर मायचं मन बदलेल. आम्ही आईला माय म्हणायचो. पण मायनं इथं येऊन फक्त भिंत बदलली. गावी एका भिंतीकडे तोंड करून पडायची, इथं दुसऱ्या. स्वयंपाक करायची, पण भाजीत मीठ दोनदा किंवा अजिबातच नाही. मला हाक मारताना "विम..." म्हणायची आणि पुढे गप्प व्हायची. मी ओ द्यावी का नाही, मला कळायचं नाही.

गावाहून येताना मायनं विमलची एकच वस्तू आणली होती, तिची चिंध्यांची बाहुली. मायनंच जुन्या लुगड्याची केलेली. काळ्या दोऱ्याचे डोळे, लाल दोऱ्याचं तोंड, नाकाचा पत्ता नाही. सिनेमातल्या बाईसाहेबांसारखा झालरीचा झगा वगैरे काही नाही.

भाद्रपद आला. पुण्या-मुंबईकडच्यांना भोंडला माहीत असतो, तशी आमच्या विदर्भात भुलाबाई. पार्वती भुलाबाई होऊन महिनाभर माहेरी येते. मातीची मूर्ती ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसवायची, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींनी घरोघरी गाणी म्हणायची, आणि मग खरी मजा – खाऊ ओळखायचा. घरची बाई बंद डबा वाजवून दाखवते, आत काय आहे ते ओळखल्याशिवाय खाऊ नाही.

गावी मी कायम जिंकायची. कशी? विमल हळूच चुलीपाशी जाऊन वास घेऊन यायची आणि माझ्या कानात सांगायची. स्वतः एकदाही ओळखलं नाही तिनं. "सुमेले जिंकू दे," म्हणायची.

भिलाईत भुलाबाई कुठून आणणार? बाबा सुट्टीच्या दिवशी सायकल मारत सुपेल्याच्या बाजारात गेले. तिथल्या कुंभाराला भुलाबाई म्हणजे काय तेच ठाऊक नाही! मडकी बघून रिकाम्या हातानं परत आले. मला रडू फुटलं. आणि मी एक उद्योग केला... कोणाला न विचारता विमलची बाहुली घेतली, खोक्याचं मखर केलं, तिला हळदकुंकू लावलं आणि भुलाबाई म्हणून बसवून मोकळी झाले.

शेजारच्या बडवाईक काकूंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाप्पा! काय केलं व पोरी हे? बसवली म्हंजे बोळवा लागते. कोजागिरी झाली का पान्यात सोडा लागन हिले. तुह्या मायले विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. माय आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पहिल्या संध्याकाळी आमच्याकडे गाणी झाली. माय उठली नाही, म्हणून डबा बाबांनी वाजवला. पोरी ओरडल्या – फुटाणे! लाह्या! शेंगदाणे! बाबा मान हलवत हसत होते. आणि माझ्या उजव्या कानाला ऊब लागली. कोणी अगदी जवळ येऊन कुजबुजलं की लागते ना, तशी. शब्द ऐकू आला असं नाही म्हणणार मी, पण तोंडातून निघून गेलं – "केळ्याच्या चकत्या. तळलेल्या."

बाबांचं हसू थांबलं. डबा उघडला. त्यांच्या मल्याळी सोबत्यानं गावाहून आणलेल्या चकत्या दिल्या होत्या, त्याच दिवशी ड्यूटीवर. मी तो प्रकार जन्मात पाहिला नव्हता. "तुले कसं माईत?" बाबा म्हणाले. मला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी बोरकूट. तिसऱ्या दिवशी गुळपापडी. आमच्या घरी, त्या बाहुलीसमोर, मी एकदाही चुकले नाही. आणि गंमत अशी की बाकीच्या चार घरांत माझं एकही उत्तर बरोबर येईना. तिथं कानाशी कोणी यायचंच नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी माय दाराशी येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, पदर जमिनीवर. पोरी गेल्यावर तिनं विचारलं, "सुमे, तुले कोन सांगते व?"

मी म्हटलं, "विमल."

आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर माय मखरासमोर मांडी घालून बसली होती आणि बाहुलीकडे नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून माय उठली. म्हणजे खरंच उठली! सकाळी अंघोळ, वेणी, आणि दुपारपासून खाऊची तयारी. डबा आता तीच वाजवायची. मुद्दाम कठीण करायची. एकदा तर मूठभर कच्चे तांदूळच टाकले. मी "कच्चे तांदूळ" म्हणताच पोरी फिदीफिदी हसल्या. मायनं झाकण काढलं आणि तिचं तोंड असं उजळलं... वर्षभरात मी ते पाहिलं नव्हतं. बाबा ओट्यावर बसून डोळे पुसत होते.

मग मला किती आनंद व्हायला हवा होता, नाही का? खरं सांगू? मला हेवा वाटायला लागला.

माय माझ्याकडे बघायची, पण ते माझ्यासाठी नसायचं. "विचार तिले, थंडी वाजते का? विचार न, मायवर राग हाय का?" मी कान देऊन उभी राहायची. खाऊचं सोडून बाकी काही सांगायचीच नाही विमल. "माय, ती काई बोलत नाही," म्हटलं की मायचा चेहरा उतरायचा. मी म्हणजे पोस्टाची पेटी झाले होते. माझ्या फ्रॉकची बाही उसवली होती, ती महिनाभर तशीच लोंबत होती. जेवलीस का, असं त्या दिवसांत मायनं मला एकदाही विचारलं नाही. बाहुलीसमोर मात्र रोज वाटी असायची.

कोजागिरी जवळ आली तशा काकू बोलल्या, "वहिनी, बोळवाची तयारी करा. माहेरवाशीन हाय, ठेवून नाही घेता येत."

माय एकदम उसळली. "मी नाई बोळवत! माही पोरगी हाय ते. एकदा गेली न माह्या हातून... आता नाई देत!"

बाबा मला म्हणाले, "राहू दे सुमे. कोन पाह्यते इथं? तुही माय उठून बसली, माह्यासाठी तेवढंच बस." मी मान डोलावली. पण बाहुली राहिली तर माय आयुष्यभर तिच्याशीच बोलणार होती.

त्याच दुपारी मी शाळेतून आले तर माय बाहुलीला मांडीवर घेऊन हलक्या आवाजात बोलत होती. "तू मांगत होती व बाई, मले दहीभात दे, मले दहीभात दे... वैद्य म्हने, तापात दही देऊ नका. म्या नाई देल्ला. तशीच गेली तू, उपाशी. मले का मालूम होतं व..."

मी दाराबाहेरच थांबले. विमलनं शेवटी काय मागितलं होतं हे मला तेव्हा कळलं. मायनं वर्षभर भिंतीकडे तोंड करून काय पाहिलं असेल तेही थोडं कळलं.

कोजागिरीची संध्याकाळ. अजून उजेड होता. पाचही घरच्या पोरी आणि बाया आमच्याकडे जमल्या. गाणी संपली. मायनं डबा आणला, दोन्ही हातांत धरून. वाजवला नाही. आवाज येणार नव्हता त्याचा, मला ठाऊक होतं आत काय आहे ते. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माय तर अशी बघत होती, की आज साठ वर्षांनंतरही ते डोळे आठवले की मला बसवत नाही. "विचार तिले," ती म्हणाली. "विचार, खाते का आता? माह्या हातचं खाते का?"

मी बाहुलीजवळ गेले. कान पुढे केला. थांबले. 

आणि मी म्हटलं, "माय, ते म्हन्ते... सुमेले दे."

मायनं डब्याकडे पाहिलं. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आधी चेहरा, मग लोंबणारी बाही, मग पुन्हा चेहरा. "किती वाळली व तू," म्हणाली. खाली बसली, झाकण काढलं, मला मांडीवर ओढलं – नऊ वर्षांची घोडी मी, सगळ्यांसमोर! – आणि दहीभाताचा घास माझ्या तोंडात घातला. दही जास्तच आंबलं होतं. एकेक घास भरवत होती आणि रडत होती. मी सगळा डबा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहुली मायनं स्वतः नेली. लाइनीच्या पलीकडे जुन्या वस्तीचा तलाव होता, तिथं. तिची ओटी भरली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि सोडून दिली. चिंध्यांचीच ती, लवकर बुडेना, तरंगत राहिली. माय म्हणाली, "जाय बाई, सुखानं जाय." बुडेपर्यंत आम्ही तिघं काठावर उभे होतो. घरी येऊन मायनं सुईदोरा घेतला आणि माझी बाही शिवली.

त्यानंतर कित्येक वर्षं आमच्याकडे भुलाबाई बसली. कुंभाराला शिकवून मातीची करून घ्यायचो. मी खाऊ ओळखायला गेले की सपशेल हरायची. कानाला पुन्हा कधी ऊब लागली नाही.

केळ्याच्या चकत्या, कच्चे तांदूळ... याचं उत्तर माझ्या विज्ञानाकडे नाही. शोधून थकले, आता शोधत नाही. पण मला छळतं ते हे नाही. मला छळते ती शेवटची संध्याकाळ. मी कान पुढे केला तेव्हा विमल खरंच बोलली, की मला माय परत हवी होती म्हणून मीच बोलले? नऊ वर्षांच्या त्या मुलीला मी हजारदा विचारलंय. ती सांगत नाही.

माय म्हातारी होऊन गेली. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून ठरवलं होतं की सांगून टाकू – माय, त्या दिवशी विमल नव्हती गं, मीच होते. तिच्या कानाशी वाकलेही. पण सांगितलं नाही, नुसतीच तिची चादर सारखी केली. कारण ते खोटं ठरलं असतं तर?

तो आवाज कोणाचा होता, मला आजही माहीत नाही. विमलचा असावा, असं मात्र फार फार वाटतं.