फुलकोबीची उमेदवार

परवा फुलकोबी चिरली आणि तिच्या उग्र वासाने मला थेट वर्सोव्याच्या आमच्या गल्लीत नेलं. मासळी सुकवायची जागा वाचवायला आई महापालिकेला अपक्ष उभी राहिली होती, आणि चिन्ह मिळालं होतं फुलकोबी! घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून भाषण मी लिहिलं. आईने ते बघितलंसुद्धा नाही. मासळीच्या पाटीत फुलकोबी ठेवून ती दारोदार फिरली.

"काय काकी, मावरं सोडून भाजी?" एका पक्षाचा कार्यकर्ता खिदळला.

"तुझ्या साहेबाला आण हिकडं. कल्ले उघडून बघते, ताजा हाय का!"

गल्ली खो खो हसली. मला वाटलं, जिंकलो आपण.

आई सपाटून पडली. दुसऱ्या दिवशी बाजारात जी ती बाई तिच्या कानाशी येऊन सांगे, "गो, मी तुलाच दिलं."

"सगल्यांनी दिलं असतं तर महापौर झाले असते मी!" आई म्हणाली.

मला त्या बायकांचा भयंकर राग आला होता. पण पुढे मासळी सुकवायची ती जागा ताब्यात घेण्यासाठी मोजायला महापालिकेची माणसं आली, तेव्हा आई पोचायच्या आधीच त्याच बायका तिथे बोंबील पसरून बसल्या होत्या. मत खरंच कुणाला दिलं, ते आईने त्यांना कधीच विचारलं नाही.